तारीख उमटणारा कॅमेरा

नवशिक्या माणसाने पहिला चांगला डिजिटल कॅमेरा कसा निवडावा, याविषयी शहरातील जाणकार बरेच काही सांगतात. भोरमधील एका अर्जनवीसाने तो कसा निवडला आणि त्या निवडीपायी वेल्ह्याकडील एका बाईंच्या शेताची वाट कायमची बंद होण्याची वेळ कशी आली, हे मात्र माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. म्हणून लिहितो.

माझे शालेय शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढील शिक्षण मी कचेरीच्या आवारात घेतले आणि ते अधिक पक्के झाले, असे माझे मत आहे. भोरच्या कचेरीबाहेर पत्र्याच्या सावलीत माझे टेबल होते. आठवड्यातून एक दिवस एसटीने नसरापूरला उतरून, तेथून दुसरी गाडी धरून मी वेल्ह्याच्या कचेरीसमोरही बसत असे. वारसनोंद असो, बांधाचा तंटा असो, की रेशनकार्डावरील चुकलेले नाव असो, माझ्या हातचा अर्ज पहिल्या ओळीलाच विषयाला हात घालीत असे. लोक मला रायटर म्हणत. कचेरीतील मंडळी रायटरसाहेब म्हणत.

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षे झाली होती. ज्येष्ठ महिन्यात वेल्ह्याला माझ्या टेबलासमोर साठीच्या आसपासच्या एक विधवा बाई येऊन बसल्या. त्यांची मुलगी लग्न होऊन गेलेली, घरात त्या एकट्या. भाताची चार खाचरे, एक बैलजोडी आणि एक गाडी, एवढा संसार. खाचरांकडे जाणारी वाट दिराच्या मुलाच्या रानातून जात होती आणि सासऱ्यांच्या वेळेपासून वहिवाटीत होती. त्या पुतण्याने वाटेत दगडांची रास घातली होती.

"दगुड टाकल्याती, रायटर. बैल जाईना का गाडी जाईना. म्या शेतात जायची कशी?"

"केव्हा टाकले, मावशी?"

"आखितीच्या दुसऱ्या दिशी. आखितीला म्या जाऊन आले, तवा काय बी नव्हतं."

"म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी. बरे, पुतण्याचे म्हणणे काय?"

"त्यो म्हंतो, काकू, म्हातारपणी चिखलात कशाला जातीस? शेत मला दे लिहून, तुझं भात तुला घरपोच करतो."

त्या काळी पुण्याचे लोक फार्महाऊससाठी त्या खोऱ्यात जमिनी पाहत हिंडत होते. वाट बंद झालेले शेत पडून राहणार आणि पडून राहिलेले शेत पुतण्याच्या हाती जाणार, हे समजायला फार शिक्षण लागत नव्हते.

वाटेत कोणी अडथळा केला तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दाद मागावी लागते. मुदत गेली की तो मार्ग संपतो. मग दिवाणी कोर्टात जावे लागते आणि तेथील निकाल लागेपर्यंत साठीच्या बाईने शेत कसायचे कसे, हे कोणी सांगत नाही. आम्हांस अडचण आणखी एक होती. कोणी पाहायला येणार असे कळले की पुतण्या चार दगड बाजूला सारून वाट मोकळी दाखवी आणि पाहणारा वळला की पुन्हा रास घाली. म्हणून मी ठरवले की अर्जासोबत दगडांचे फोटो जोडावयाचे.

भोरमधील फोटो स्टुडिओचे मालक माझ्या चांगल्या परिचयाचे होते. त्यांना सारे गाव चाचा म्हणे. ओळखपत्रांचे आणि निकाहापासून लग्नापर्यंत सर्व धर्मांच्या कार्यांचे फोटो तेच काढीत. मी त्यांना वेल्ह्याकडे चलण्याविषयी विचारले.

"रायटरसाहेब, तिथं जायचं म्हणजे दिवस मोडतो," ते म्हणाले. "आणि गेल्यावर त्या पुतण्यानं दगड बाजूला ठेवले असतील तर? नुसत्या वाटेचा फोटो काढून येऊ? तुम्हीच घ्या की एक कॅमेरा. जाता-येता काढा."

खरे सांगायचे तर इच्छा जुनी होती. पूर्वी एकदा उसना रिळाचा कॅमेरा घेऊन मी भाटघरच्या धरणावर गेलो होतो. रीळ धुतल्यावर निम्म्याहून अधिक फोटोंत माझे बोट आले होते. तेव्हापासून हा विषय मी मनात बाजूला ठेवला होता. आता त्यास योग्य कारण मिळाले.

कोणतेही काम पद्धतीने करावे, अशी माझी सवय आहे. मी लांब कागदावर अकरा प्रश्नांची प्रश्नावली तयार केली, तिच्या तीन प्रती काढल्या आणि प्रत्येक दुकानदाराकडून उत्तरे घेऊन तुलनात्मक तक्ता करण्याचे ठरवले. आमच्या सौभाग्यवतींनी तो कागद पाहिला आणि म्हणाल्या, "मला बघायला आला होता तेव्हा एक प्रश्न विचारला नाही. स्वयंपाक येतो का, तेही तुमच्या आत्यानं विचारलं."

पुण्यात मी तीन दुकाने केली. पहिल्या दुकानातील विक्रेत्याने मेगापिक्सेल जास्त असलेला कॅमेरा पुढे केला. मेगापिक्सेल म्हणजे चित्राचे क्षेत्र, एवढे मी चाचांकडून समजून घेतले होते. क्षेत्र मोठे असले म्हणजे जमीन कसदार असते असे नाही, हे मी त्यास सांगितले. दुसऱ्याने झूम दाखवला. त्यातील काही झूम भिंगाचा होता आणि काही नुसता यंत्राच्या आतला होता. यंत्राच्या आतला झूम म्हणजे नकाशाची झेरॉक्स मोठी करण्यासारखे आहे: रेघ जाड होते, पण हद्द अधिक स्पष्ट होत नाही. तो रकाना मी तक्त्यातून वगळला.

तिसऱ्या दुकानात दोन कॅमेरे शिल्लक राहिले. एक मोठा, भिंग बदलता येणारा, वजनदार. दुसरा त्याहून लहान, भिंग पक्के बसवलेले, परंतु हातात धरायला चांगली मूठ आणि डोळ्याला लावून पाहण्याची सोय असलेला. पाठीवरील पडदा भर उन्हात दिसत नाही, म्हणून डोळ्याला लावण्याची सोय मी आवश्यक ठरवली होती. मोठ्या कॅमेऱ्याला खास बॅटरी लागे, लहान चार पेन्सिल सेलवर चाले. पेन्सिल सेल वेल्ह्याच्या किराणा दुकानातही मिळतात.

मग मी सातवा प्रश्न विचारला: "फोटोवर तारीख उमटते काय?"

"काका, या मोठ्यात नाही येत," विक्रेता म्हणाला. "हा सीरियस कॅमेरा आहे. यात फोटोवर तारीख कोण टाकतं?"

"आणि या लहान कॅमेऱ्यात?"

"त्यात येते. खाली उजव्या कोपऱ्यात, नारिंगी."

ज्या कागदावर तारीख नाही त्यास आमच्या व्यवसायात कागद म्हणत नाहीत. मी तरीही निर्णय तेथे न घेता भोरला परत आलो आणि तक्ता चाचांसमोर ठेवला.

"मोठा घ्या," त्यांनी चष्मा वर करून सांगितले. "त्याच्या आतला सेन्सर मोठा आहे. ढगाळ दिवशी फोटोत दाणे येणार नाहीत. उद्या हात बसला तर दुसरं भिंग लावता येईल. तारखेचं काय, फोटोच्या मागं पेनानं लिहा."

"पेनाने कोणीही कोणतीही तारीख लिहू शकतो. यंत्राने उमटवलेल्या तारखेला पुरावा म्हणतात."

"मग यंत्र घ्या. कॅमेरा कशाला घेता?" असे म्हणून त्यांनी चहा मागवला.

या चौकशीत पाच आठवडे गेले. दर आठवड्याला त्या बाई वेल्ह्याला माझ्या टेबलाशी येत.

"घेतला का ओ?"

"मावशी, अभ्यास चालू आहे."

"अभ्यास चालू हाय, वाट बंद हाय," त्या म्हणत. "लावणी आलीया. रोपाच्या मुडी डोक्यावर घिऊन दुसऱ्याच्या बांधानं जातीया म्या. पायलागू करून जातीया. पुढल्या साली त्यानं न्हाई म्हटलं तर?"

शेवटी मी लहान कॅमेरा घेतला. विक्रेत्याने तेथेच चालू करून तारीख लावून दिली. मी ती भिंतीवरील कॅलेंडरशी ताडून पाहिली.

श्रावणात एका सकाळी मी बाईंसोबत त्या वाटेवर गेलो. पुतण्या नेमका परगावी गेला होता आणि रास जशीच्या तशी होती. मी अठरा फोटो काढले. नवशिक्याच्या मानाने ते फार चांगले आले, असे आजही म्हणतो. रास किती उंच आहे हे कळावे म्हणून बाईंना शेजारी उभे केले. मागील रान दिसावे म्हणून मी बांधावर गुडघ्यावर बसलो. ढग सरकून ऊन येईपर्यंत थांबलो, त्यामुळे प्रत्येक दगडाची कड उठून दिसली. चाचांनी प्रती काढून दिल्या, तेव्हा तेही म्हणाले, "बोट कुठंच नाही, अभिनंदन." मी उजव्या कोपऱ्यात नारिंगी आकडे पाहिले आणि समाधान पावलो. त्यांतील चार उत्तम फोटो जोडून अर्ज दाखल केला. मुदतीतील दोन महिन्यांहून अधिक काळ अजून शिल्लक होता.

भाद्रपदात सुनावणी लागली. आम्हां अर्जनवीसांना आत बोलण्याचा अधिकार नसतो, म्हणून मी दाराशी उभा होतो. पुतण्याच्या वकिलांनी अर्ज बाजूला ठेवला आणि माझे फोटो हातात घेतले.

"साहेब, अर्जदारांच्याच फोटोवर तारीख छापलेली आहे. दोन वर्षांपूर्वीची एक जानेवारी. अडथळा आहे असे क्षणभर धरले, तरी तो दोन वर्षांचा जुना आहे. सहा महिन्यांची मुदत केव्हाच संपली."

तहसीलदारांनी फोटो डोळ्यांजवळ नेले. चारही फोटो पाहिले. मग बाईंना विचारले, "यावर तुमचे काय म्हणणे आहे?" बाई दाराकडे, माझ्याकडे पाहू लागल्या. खुलाशासाठी आठ दिवसांनंतरची तारीख मिळाली.

मी फोटोवर तारीख आहे एवढे पाहिले होते. कोणती आहे, हे पाहिले नव्हते.

बाहेर आल्यावर बाईंना सर्व सांगणे भाग होते. फोटो जानेवारीतला, म्हणजे पौषातला ठरतो, त्यामुळे अर्ज मुदतीबाहेर जातो आणि बहुधा फेटाळला जाईल, हे मी त्यांना शांतपणे समजावून सांगितले. कॅमेरा यंदाच घेतल्याचे बिल माझ्याकडे होते. परंतु बिलाने मी कॅमेरा विकत घेतला एवढेच सिद्ध होणार होते. फोटो त्याच कॅमेऱ्याने काढले, हे बिल सांगत नव्हते. बाईंनी माझ्या हातातील प्रत घेतली. त्यांना वाचता येत नव्हते. त्यांनी आकड्यांकडे पाहिलेच नाही.

"ह्ये माझ्या मागं काय हाय?"

"तुमचे खाचर."

"खाचरात?"

"भात."

"मग पुसात भात उभं असतंय व्हय? पुसात हितं वाल असतो. ह्ये तर लावून महिना बी झाला न्हाई. पानी दिसतंय बघा, चुडाला अजून फुटवा न्हाई." त्यांनी फोटो माझ्यापुढे धरला. "एवढं शिकल्यालं मानूस तुमी, आन् कोपऱ्यातलं आकडं दावताय. माझं शेत दिसलं न्हाई तुमाला?"

तो फोटो मी अनेकदा पाहिला होता. दगडांची कड पाहिली होती, सावली पाहिली होती. भात मीच मुद्दाम फोटोत आणले होते आणि मीच ते पाहिले नव्हते.

भात उभे असल्यामुळे ती तारीख खोटी ठरत होती. परंतु ती खोटी का उमटली, याचे उत्तर दिल्याशिवाय वकील सोडणार नव्हते. मी भोरला जाऊन कॅमेरा चाचांच्या पुढे ठेवला.

"सेल काढता का यातले?"

"रोज. काम झाले की काढून रुमालात बांधतो. आठवड्यातून एकदा पत्र्यावर उन्हात ठेवतो." रेडिओचे आणि विजेरीचे सेल उन्हात ठेवले की चार दिवस जास्त चालतात, म्हणून हे आमच्याकडे घरोघरी करतात.

चाचा हसत खाली बसले. "अहो, हा काय रेडिओ आहे? सेल काढून ठेवले की याचं घड्याळ मरतं. पुन्हा सेल घातले की तो विचारतो, आज तारीख काय? हे बघा." पडद्यावर इंग्रजी ओळ आली होती आणि तिच्याखाली दोन वर्षांपूर्वीची एक जानेवारी. "हे आल्यावर तुम्ही काय करता?"

"मधले बटण दाबतो."

"न वाचता?"

अंगठा उठवण्यापूर्वी प्रत्येक पक्षकाराला संपूर्ण मजकूर वाचून दाखवणारा मनुष्य मी. न वाचता अंगठा उठवलेल्या कित्येकांना मी माझ्या टेबलासमोर बसवून बोल लावले होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढील सर्व तिच्यावर अवलंबून होते. मला इंग्रजी वाचता येत नाही. मोठ्या लिपीतील अक्षरे ओळखतो, सही करतो, तेवढेच. कोणी इंग्रजी नोटीस आणली तर मी ती गंभीरपणे चाळून "उद्या या, अभ्यास करावा लागेल" असे सांगे आणि संध्याकाळी एका निवृत्त मास्तरांकडून अर्थ समजून घेई. ही गोष्ट ते मास्तर, मी आणि आमच्या सौभाग्यवती यांच्याखेरीज कोणास ठाऊक नव्हती. दोन्ही कचेऱ्यांसमोर माझे जे स्थान होते, ते बरेचसे या अज्ञानावर पांघरूण घातल्यामुळे होते.

आता खुलासा द्यायचा तर तोच लिहावा लागणार होता. सेल काढल्यामुळे घड्याळ मागे गेले, एवढे लिहून भागणार नव्हते. पडद्यावर प्रश्न आला असताना तुम्ही चुकीच्या तारखेला मान्यता का दिलीत, हा पुढचा प्रश्न होता. यंत्र बिघडले होते, असे लिहिता आले असते आणि माझी अब्रू राहिली असती. परंतु वकिलांनी कॅमेरा हजर करायला सांगितला असता आणि तो चांगला चालतो असे दिसल्यावर माझ्याबरोबर बाईंचा अर्जही खोटा ठरला असता.

मी दोन दिवस मसुदा केला. एरवी असा कागद मी घटकाभरात लिहितो. तिसऱ्या दिवशी स्टॅम्पपेपर आणला आणि टेबलावर पसरला. शेजारच्या टेबलावरील अर्जनवीस वाकून म्हणाले, "कोणाचं प्रतिज्ञापत्र?"

"माझे."

"तुमचं? मग पक्षकार कुठं बसलाय?"

"हा काय, खुर्चीवरच."

त्यात मी लिहिले: "सदर कॅमेरा चालू करतेवेळी त्याच्या पडद्यावर तारखेविषयी इंग्रजी मजकूर येतो. मला इंग्रजी वाचता येत नसल्याने सदर मजकुराचा अर्थ न समजता मी त्यास बटण दाबून मान्यता दिली. सबब छापली गेलेली तारीख खरी नाही. फोटो श्रावणातील असून मागील खाचरात नुकतेच लावलेले भात दिसत आहे." आणि खाली माझी सही.

पुढच्या तारखेला कारकुनांनी तो कागद मोठ्याने वाचला. त्या दिवशी दालनात इतर कामांसाठी आलेली पंधरा-वीस माणसे होती आणि त्यांतील निम्म्यांचे अर्ज माझ्या हातचे होते. "इंग्रजी वाचता येत नसल्याने" या शब्दांनंतर कोणीतरी मागून "आँ?" असे म्हणाले. कोण, ते पाहण्यासाठी मी मान वळवली नाही.

"रायटर सोयीप्रमाणे अडाणी झालेले दिसतात, साहेब," वकील म्हणाले.

तहसीलदारांनी अर्जाचे कागद पुढे ओढले. त्यांनी एक फोटो पुतण्यापुढे सरकवला. "हे रान ओळखता?"

"व्हय, सायेब. काकूचं खाचर."

"तुमच्याकडे जानेवारीत खाचरात काय असते?"

"वाल," पुतण्या लगेच म्हणाला. शेतकरीच तो, शेताविषयी विचारल्यावर तोंडून खरेच आले. वकिलांनी त्याच्याकडे पाहिले तेव्हा उशीर झाला होता.

"आणि या फोटोत काय आहे?"

पुतण्या वकिलांकडे पाहू लागला.

"भात हाय," बाई आपणहून म्हणाल्या. "कोलम. त्यानंच रोप दिलं नव्हतं, म्या दुसऱ्याकडनं आणलं."

त्यानंतर जागेची पाहणी झाली, शेजारच्या शेतकऱ्यांचे जबाब झाले आणि दगड काढून वाट पूर्ववत खुली करण्याचा आदेश निघाला. तो मी स्वतः बाईंना वाचून दाखवला. मराठीत होता.

माझ्या कामावर परिणाम झाला, हे नमूद करतो. इंग्रजी नोटिसा माझ्याकडे येईनाशा झाल्या. वेल्ह्याला काही दिवस लोक हसत होते, एकाने तर औषधाचे खोके पुढे करून "वाचा बरं" असे म्हटले. वाटेचे अर्ज मात्र पूर्वीपेक्षा जास्त येऊ लागले, कारण फोटो काढणारा अर्जनवीस त्या भागात दुसरा नव्हता.

भात कापणीच्या दिवसांत मी पुन्हा त्या रानात गेलो. खुल्या झालेल्या वाटेचा एक चांगला फोटो आपल्याजवळ असावा, अशी इच्छा होती. वाटेच्या मध्यभागी उभा राहून मी कॅमेरा डोळ्याला लावला. समोरून भाऱ्यांनी लादलेली गाडी आली. बाई बैलांच्या पुढे, कासरा धरून चालत होत्या. दोन्ही बाजूंची खाचरे, मधली चाकोरी आणि गाडी एकत्र कशी बसतील, याचा मी अंदाज घेत राहिलो.

"बाजूला व्हा की रायटर," त्या ओरडल्या. "बैल बुजतील."

मी बांधावर चढलो. गाडी माझ्या पुढून गेली आणि फोटोत मागचे चाक व भाताच्या लोंब्या तेवढ्या आल्या. त्यांनी मागे वळून पाहिले नाही. अजून दोन खेपा व्हायच्या होत्या.